निवासी प्रशिक्षण केंद्रात चार रात्री

पोहोचण्याचा दिवस

चेक-इन दुपारी दोनपासून, असं केंद्राच्या पत्रात लिहिलेलं असतं आणि साठ जणांची बस बरोबर दोनला दारात येऊन थांबते. तिथूनच घोळ सुरू होतो. आधीचा गट सकाळी अकराला गेलेला असतो. एक खोली नीट झाडून-पुसून, चादरी बदलून तयार करायला साधारण अर्धा तास लागतो. हाउसकीपिंगची पाच माणसं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा खोल्या, म्हणजे सहा तासांचं काम. दोन वाजता निम्म्या खोल्या तयार असणं ही म्हणूनच चांगली परिस्थिती म्हणायची. त्यात रिसेप्शनवर दोन माणसं आणि प्रत्येक पाहुण्याला ओळखपत्र, सही, किल्ली मिळून तीन मिनिटं धरली, तर शेवटच्या माणसाच्या हातात किल्ली पडायला दीड तास जातो.

यावरचा उपाय बस निघण्याच्या बऱ्याच आधी करायचा असतो. खोलीवार यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती चार-पाच दिवस आधी पाठवायच्या आणि नावाचं पाकीट, त्यात किल्ली, अशी आडनावांच्या क्रमाने मांडणी करून मागायची. मग रिसेप्शनवर फक्त सही उरते. पहिल्या दिवशी ज्यांना बोलायचं आहे त्यांच्या आणि लांबून आलेल्यांच्या खोल्या आधी तयार करा, असं यादीतच लिहून ठेवलं तर केंद्रवाले ते पाळतात. तोंडी सांगितलेलं मात्र पाळलं जाईलच असं नाही. ही गोष्ट पुढचे सगळे दिवस लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशी केंद्रं एका कागदावर चालतात. तिथे त्याला फंक्शन शीट म्हणतात. कोणता हॉल, कशी मांडणी, किती खुर्च्या, चहा किती वाजता, एसी कधी सुरू आणि कधी बंद, जेवायला किती माणसं, सगळं त्यावर. स्वयंपाकघर, मेंटेनन्स, हाउसकीपिंग, ध्वनी-प्रकाशवाला, प्रत्येकाकडे त्याची प्रत असते आणि प्रत्येक जण त्याप्रमाणेच वागतो. रिसेप्शनवरच्या माणसाला ‘उद्या चहा सव्वाअकराला ठेवा’ असं सांगून निघून गेलं की चहा अकरालाच येतो आणि सव्वाअकराला गार झालेला असतो. त्यात कोणाची कुचराई नसते, कागद बदललेला नसतो एवढंच. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या केंद्राच्या समन्वयकाला गाठायचं, शीटची ताजी प्रत मागायची, ती ओळीने वाचायची आणि बदल त्याच्याच हाताने त्यावर करून घ्यायचे.

खोलीत गेल्यावर बॅग उघडण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्यावीत, कारण सामान पसरल्यावर खोली बदलणं कोणालाच नको असतं. गरम पाण्याचा नळ आणि शॉवर दोन-तीन मिनिटं पूर्ण सोडून ठेवावा आणि तेवढा वेळ बाथरूमच्या बाहेर थांबावं. यामागे नुसतं पाणी तापायची वाट पाहणं नाही. प्रशिक्षण केंद्रातल्या खोल्या दोन कार्यक्रमांच्या मधे आठवडाआठवडा बंद असतात आणि नळात साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे होणारा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोही एका संमेलनातच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका हॉटेलात भरलं आणि परतलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडू लागले, कित्येक दगावले. जिवाणू सापडला तो पुढच्या वर्षी. पाण्याच्या तुषारांतून तो श्वासावाटे आत जातो, म्हणून सुरुवातीचं पाणी वाहून जाऊ द्यायचं. चांगली केंद्रं टाकीतलं पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि रिकाम्या खोल्यांचे नळ ठरावीक दिवसांनी सोडतात. बंद खोलीत शिरल्या शिरल्या कुबट वास आला किंवा नळाला आधी तांबूस पाणी आलं, तर त्या खोलीचा नळ बरेच दिवस कोणी उघडलेला नाही असं समजावं.

दाराच्या मागे इमारतीचा नकाशा लावलेला असतो. तो पाहून बाहेर पडायचं आणि आपल्या दारापासून जिन्याच्या दारापर्यंत मधे किती दारं लागतात ती मोजायची. धूर झाला तर डोळ्यांचा उपयोग होत नाही, भिंतीला हात लावून दारं मोजत जाता येतं. लिफ्ट अशा वेळी वापरायची नसते हे सर्वांना माहीत असतं. जिना कोणत्या हाताला आहे हे मात्र फारच थोड्यांना सांगता येतं. आणखी एक, अंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार लावून घ्यावं. वाफेचा लोट खोलीतल्या धूरशोधकापर्यंत पोहोचला की अलार्म वाजतो, कारण प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणाऱ्या यंत्राला वाफेचे कण आणि धुराचे कण यांतला फरक कळेलच असं नाही. पहाटे सहाला अख्खी इमारत अंगणात उभी राहते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

की-कार्डाचे दोन प्रकार असतात. काळ्या पट्टीचं कार्ड चुंबकाने पुसलं जातं. फोनच्या कव्हरातलं चुंबकी बटणसुद्धा त्याला पुरतं. नुसतं जवळ नेऊन उघडणारं कार्ड असं पुसलं जात नाही, पण पाकिटात दुसऱ्या तशाच कार्डांबरोबर असलं तर वाचलं जात नाही. ते वेगळं काढून धरायचं. दाराशेजारच्या खाचेत कार्ड ठेवल्यावरच खोलीची वीज चालू होते. म्हणजे लॅपटॉप चार्जिंगला लावून जेवायला गेलं की परतल्यावर तो तेवढाच रिकामा. फ्रिजचं सॉकेट बहुधा या खाचेशी जोडलेलं नसतं. कार्ड काढल्यावरही चालू राहणारं एखादं सॉकेट खोलीत शोधून ठेवावं.

मग हॉल. संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये घालवलेला अर्धा तास हा सगळ्या मुक्कामातला सर्वांत किफायतशीर वेळ. मांडणी शीटप्रमाणे आहे का ते आधी बघायचं. खुर्च्यांच्या नुसत्या ओळी असतील तर माणशी एक चौरस मीटरच्या आसपास जागा पुरते, पुढ्यात टेबल हवं तर दीड ते दोन आणि इंग्रजी यू आकाराची मांडणी असेल तर अडीच ते तीन. केंद्राच्या माहितीपत्रकात ‘क्षमता ८०’ लिहिलेलं असतं ते पहिल्या हिशोबाने. त्याच हॉलमध्ये यू आकारात तीस माणसं बसवली की हॉल भरला. आणि पंचवीसच्या पुढे यू आकाराला तसाही अर्थ राहत नाही. दोन टोकांना बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

पडद्यासाठी सोपा हिशोब आहे. शेवटची खुर्ची पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको आणि पहिली दुपटीपेक्षा जवळ नको. शेवटची ओळ नऊ मीटरवर असेल तर पडदा निदान दीड मीटर उंच हवा. आकड्यांचे तक्ते वाचायचे असतील तर सहाऐवजी चारपट धरावी. पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर नसेल तर तिसऱ्या ओळीपासून मागच्यांना स्लाइडच्या खालच्या दोन ओळी दिसत नाहीत, समोरच्यांची डोकी दिसतात.

जोडणी स्वतःच्याच लॅपटॉपने करून पाहावी, केंद्राच्या नव्हे. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही. काही लॅपटॉपचं ते पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. एचडीएमआयची साधी केबल दहा-पंधरा मीटरपर्यंत नेहमीच्या रिझोल्यूशनला चालते, फोरकेला मात्र पाच-सात मीटरपुढे चित्र लुकलुकायला लागतं किंवा येतच नाही. अशा वेळी लॅपटॉपचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणलं की निम्म्या तक्रारी मिटतात. आवाज कुठून येतो तेही तेव्हाच बघायचं, कारण एचडीएमआय लावल्यावर तो प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरकडे वळतो आणि हॉलचे मोठे स्पीकर गप्प राहतात.

पहिली रात्र तशी वाईटच जाते. नव्या जागी झोप उथळ लागते हे झोपेच्या प्रयोगशाळांना कधीपासून ठाऊक आहे. तिथे पहिल्या रात्रीची मोजणी वेगळीच काढतात. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आणि उजव्या कानाला ऐकवलेल्या आवाजाने माणसं लवकर जागी होतात. सगळ्यांत जड विषय पहिल्या दिवशी सकाळी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. लिफ्टशेजारची, बर्फाच्या मशिनलगतची आणि स्वयंपाकघराच्या वरची खोली शक्य तर बदलून घ्यावी, आणि ती आजच. उद्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात.

पहिला दिवस

सकाळी सव्वासातला गरम पाणी कोमट होतं. यात गीझर बिघडलेला नसतो, गणित बिघडलेलं असतं. शॉवरमधून मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी येतं, आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे सत्तर लिटर. साठ खोल्यांतली माणसं नऊच्या सत्रासाठी एकाच पाऊण तासात अंघोळ करतात, म्हणजे चार हजार लिटरच्या वर. गार पाणी २० अंशांचं आणि टाकीतलं ६० अंशांचं धरलं, तर त्यातलं निम्मं टाकीतून यायला हवं. साध्या हॉटेलात पाहुणे सहा ते दहाच्या मधे आपापल्या वेळेने उठतात, त्यामुळे तिथे लहान टाकीवर भागतं. प्रशिक्षण केंद्रात सगळ्यांचं घड्याळ एकच. साडेसहाच्या आत उरकावं किंवा रात्रीच अंघोळ करावी.

नाश्त्याची रांगही त्याच घड्याळावर चालते. बुफेचं टेबल भिंतीला टेकवलेलं असलं की रांग एकाच बाजूने सरकते, मिनिटाला चार-पाच माणसं, आणि शंभर जणांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेच टेबल भिंतीपासून दीड मीटर पुढे ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घ्यायची सोय केली की वेळ निम्मा. ताटं सुरुवातीला आणि चमचे-काटे, हातरुमाल शेवटी असावेत. उलट असलं की लोक एका हातात चमचे सांभाळत दुसऱ्या हाताने वाढून घेतात आणि रांग तुंबते. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवलेले असायला हवेत. झाकणाखालून वाफ येत नसेल आणि खालची मेणबत्ती किंवा जेल विझलेली असेल तर तो पदार्थ किती वेळ तसाच आहे हे विचारायला संकोच नको.

नऊला सत्र सुरू होतं. पहिला अर्धा तास वाय-फायमध्ये जातो. कारणं दोन, आणि दोन्ही इंटरनेटच्या वेगाशी संबंध नसलेली. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्क एक पत्ता, म्हणजे क्रमांक देतं, आणि अनेक केंद्रांत पाहुण्यांच्या नेटवर्कला असे २५४ पत्ते असतात. ऐंशी माणसं, प्रत्येकाकडे लॅपटॉप, फोन आणि घड्याळ किंवा टॅब, म्हणजे २४० उपकरणं झालीच. त्यात एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवायची सेटिंग असेल तर काल गेलेल्या गटाचे फोनही अजून हिशोबात असतात. मग वाय-फायचं चिन्ह दिसतं, सिग्नल पूर्ण दिसतो, पण पत्ता मिळत नाही आणि काहीच उघडत नाही. लोक ‘नेट स्लो आहे’ म्हणतात. केंद्राच्या आयटीवाल्याला ‘पत्ते संपलेत का बघा, राखण्याचा वेळ एका तासावर आणा’ एवढं सांगितलं की काम होतं. दुसरं कारण लॉगिनचं पान. फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे सगळी माहिती सुरक्षित वाटेने नेणारी सोय, आपोआप सुरू होत असेल तर ते पान उघडतच नाही. व्हीपीएन बंद करून लॉगिन करायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर कर्मचाऱ्याला व्हीपीएन बंद करता येत नाही अशी सोय कंपनीने केलेली असते, तिथे फोनच्या हॉटस्पॉटला पर्याय नाही.

वेगाचा हिशोब वेगळा आहे आणि तो आधी करता येतो. पंचवीस जणांनी प्रत्येकी ५०० मेगाबाइटची फाइल एकाच वेळी उतरवायची ठरवली आणि केंद्राची लाइन १०० मेगाबिटची असली, तर सगळं सुरळीत चालूनही सतरा मिनिटं लागतात. व्यवहारात पंचवीस. सरावाच्या फाइली पेन ड्राइव्हवर आणाव्यात किंवा निघण्याआधीच उतरवून घ्यायला सांगावं. फोनवरचं चित्र वाय-फायवरून पडद्यावर दाखवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर सुरक्षेसाठी उपकरणांना एकमेकांपासून तोडून ठेवलेलं असतं.

साडेदहाच्या सुमारास लोक जांभया द्यायला लागतात आणि दोष बोलणाऱ्याला दिला जातो. बऱ्याचदा तो हवेचा असतो. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा मीटर लांब, सात मीटर रुंद, तीन मीटर उंच अशा हॉलमध्ये तीस माणसं बसली आणि बाहेरची हवा अजिबात आत येत नसली तर तासाला अडीच हजार पीपीएमची (दहा लाख भागांत अडीच हजार भाग) भर पडते. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास असतो, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत १००० ची रेषा ओलांडली जाते. ही रेषा जर्मनीतल्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवलेली आहे आणि कोंदट हवेची खूण म्हणून आजही वापरात आहे. हॉल गार असणं आणि हवा ताजी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एसीकडे बोट दाखवणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. भिंतीवरचा किंवा छतातला स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा मिळाली तर आकडा हजाराच्या खाली राहतो. केंद्राच्या मेंटेनन्सवाल्याला नेमका प्रश्न विचारायचा: या हॉलला फ्रेश एअर आहे का, आणि तिचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, उघडा आहे का? वीज वाचवायला तो बंद ठेवलेला असणं अगदी सर्रास आढळतं. डॅम्पर नसेलच तर दर टी-ब्रेकला समोरासमोरची दारं-खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या.

तपमानाचंही तसंच. बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते, तीस जणांची तीन किलोवॅट, वर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप. रिकाम्या हॉलमध्ये सकाळी आठला २४ अंश सुखद वाटलेले दहाला नकोसे होतात. म्हणून सुरुवातीला हॉल दोन अंश जास्त गार ठेवायचा. अकरा वाजता एसी वाढवायला सांगितलं तर परिणाम दिसेपर्यंत जेवायची वेळ होते.

टी-ब्रेक पंधरा मिनिटांचा छापलेला असतो. बटण दाबून कॉफी देणाऱ्या मशिनला एका कपाला तीस-चाळीस सेकंद लागतात. साठ जणांसाठी एकच मशिन म्हणजे पस्तीस मिनिटं. मशिन दिमाखदार दिसतं, पण गटाच्या कामाचं नाही. शीटवर ‘चहा-कॉफी भरलेले थर्मास, दोन वेगळ्या टेबलांवर’ असं लिहून घ्यावं. टेबलं हॉलच्या दारापासून जरा लांब असावीत, नाहीतर पहिले दहा जण दारातच कप घेऊन उभे राहतात आणि मागचे आतच अडकतात.

दुसरा दिवस

झोप आज बरी लागलेली असते. आजची तक्रार आवाजाची. मोठ्या हॉलचे सरकत्या भिंतीने दोन भाग केलेले असतात आणि पलीकडे दुसऱ्या कंपनीचा कार्यक्रम चालू असतो. पलीकडचा विनोद ऐकू येत नाही, टाळ्या आणि हशा मात्र येतो. बरीच मंडळी हे नशिबाचं समजून सोसतात. वास्तविक या भिंतीच्या प्रत्येक फळीच्या खाली आणि वर रबरी पट्टी असते आणि ती फळीच्या कडेला असलेल्या भोकात हँडल घालून फिरवल्यावर जमिनीला घट्ट टेकते. रात्री घाईत मांडणी बदलणारी माणसं फळ्या ओढून लावतात आणि हँडल फिरवायचं राहून जातं. वाकून फळीखाली कागद सरकवून पाहावा. आरपार गेला तर पट्टी खाली आलेली नाही. मेंटेनन्सवाला हँडल घेऊन आला की प्रत्येक फळीला मिनिटभर लागतं आणि फरक लगेच कळतो. तरीही आवाज येत राहिला तर तो फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून येतोय. भिंत तिथपर्यंत गेलेली नसते. त्याला मुक्कामात इलाज नाही. दोन्हीकडच्या समन्वयकांनी बसून व्हिडिओ आणि टाळ्यांचे कार्यक्रम एकाच वेळी ठेवावेत, हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण चालतो.

कॉलर माइकमधून मधेच परका आवाज यायला लागला तर शेजारच्या हॉलचा माइक त्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, चॅनल बदलायचं. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीपासून दूर लावावा. दोरी घासली की सगळ्या हॉलला खरखर ऐकू जाते आणि बोलणाऱ्याला एकट्याला कळत नाही. शिट्टी वाजते ती बोलणारा स्पीकरच्या पुढे आल्यावर. आवाज कमी करत बसण्यापेक्षा स्पीकर त्याच्या पुढे सरकवावेत. बॅटऱ्या दर सकाळी नव्या. अर्धवट उरलेल्या नेमक्या समारोपाला संपतात.

दुपारनंतर गटकाम असतं. मोठ्या वर्गाचे छोटे गट करून त्यांना वेगळ्या खोल्यांत बसवायची पद्धत व्यवस्थापन प्रशिक्षणात रूढ व्हायला ब्रिटनमधल्या हेन्ली इथल्या, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या स्टाफ कॉलेजचा मोठा हातभार लागला. पुढे कंपन्यांनी स्वतःची केंद्रं बांधली. जनरल इलेक्ट्रिकचं न्यूयॉर्क राज्यातलं क्रोटनव्हिल १९५६ मध्ये सुरू झालं आणि तिथला उतरत्या पायऱ्यांचा, ‘पिट’ म्हणून ओळखला जाणारा हॉल प्रसिद्ध झाला. पायऱ्यांच्या हॉलमध्ये प्रश्नोत्तरं रंगतात, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. पण खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, तिथे गटकाम होत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन जागा लागतात आणि एका जागेतून दुसरीत साठ माणसं हलवायला दहा मिनिटं जातात. वेळापत्रकात ती कोणी धरत नाही.

छोट्या खोल्यांत सहा ते आठच माणसं बसवावीत. प्रत्येक खोलीत फ्लिपचार्टचा स्टँड, वीस तरी कोरे कागद, चार मार्कर, भिंतीला रंग न सोडणारी चिकटपट्टी आणि घड्याळ, एवढं शीटवर नाव घेऊन लिहावं लागतं. ‘स्टेशनरी’ असं लिहिलं तर पेन आणि पॅड येतात. मार्कर प्रत्येक झाकण उघडून कागदावर ओढून पाहावेत आणि वाळलेले तिथेच कचऱ्यात टाकावेत. परत डब्यात ठेवले तर तेच उद्या पुन्हा हातात येतात. फ्लिपचार्टचा कायमस्वरूपी मार्कर पांढऱ्या बोर्डावर चालवला जाणं तर ठरलेलंच. पाण्याने घासू नये. त्याच अक्षरांवर बोर्डाच्या मार्करने जाड गिरवायचं आणि ओलं असतानाच कोरड्या कपड्याने पुसायचं. बोर्डाच्या शाईतला द्रावक खालची शाई सोडवतो आणि दोन्ही एकदमच निघतात. हट्टी डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा.

संध्याकाळी सातनंतर हॉलमध्ये बसून दुसऱ्या दिवसाची तयारी करायची असेल तर त्याचीही नोंद शीटवर हवी. एसी आणि दिवे टाइमरवर असतात. सत्र संपल्यानंतर तासाभराने आपोआप बंद होतात आणि काही ठिकाणी दारंही कुलूपबंद होतात, आत लॅपटॉप ठेवून जेवायला गेलेल्यांसकट.

तिसरा दिवस

निवासी प्रशिक्षणातला हा सर्वांत मंद दिवस. दुपारी एक ते तीनमधली सुस्ती शरीराच्या घड्याळातच असते. जेवण न करताही ती येते, भरपेट जेवणाने वाढते इतकंच. या वेळेत स्लाइड दाखवत बोलणं म्हणजे दिवे मंद करून लोकांना झोपवणं. उभं राहून, चालत करायचं काम इथे ठेवावं: भिंतीवरच्या तक्त्यांवर शेरे लिहिणं, जोडीने फिरत चर्चा. दिवे पूर्ण आणि पडदे उघडे.

चारच्या टी-ब्रेकची कॉफी रात्री भोवते. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. चारला घेतलेल्या दोन कपांतला एक कप नऊला आणि अर्धा कप मध्यरात्री दोनला अंगात असतोच. तिसऱ्या दिवसापर्यंत लोक रोज चार-पाच कपांवर गेलेले असतात आणि ‘इथे झोप नीट लागत नाही’ म्हणून गादीला दोष देतात.

शिकलेलं टिकावं म्हणून आज संध्याकाळी एक स्वस्त गोष्ट करता येते. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आठवडाभराने लक्षात राहण्याच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिणं जास्त उपयोगी पडतं. जेवणाआधी वीस मिनिटं, वह्या मिटून, गेल्या तीन दिवसांतलं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर, नंतर शेजाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहायचं. व्यवस्थापकांना हे शाळकरी वाटतं. वाटू द्यावं.

उद्याची आवराआवर मात्र आजच विचारून ठेवायची: चेक-आउटची वेळ, सामान ठेवायची खोली, बसची वेळ आणि खोलीच्या नावावर लागलेला जादा खर्च. माणशी चोवीस तासांच्या दरात खोली, जेवणखाण, चहा, मुख्य हॉल आणि प्रोजेक्टर येतो. कपडे धुणं, मिनीबार आणि अर्ध्या दिवसाचं जादा बसणं बहुधा येत नाही. तो हिशोब रात्रीच मिटवला तर सकाळी रिसेप्शनवर गर्दी होत नाही.

शेवटचा दिवस

चेक-आउट अकराला आणि सत्र चारपर्यंत, ही विसंगती प्रत्येक केंद्रात असते. की-कार्डात चेक-आउटची वेळ भरलेली असते, त्यामुळे अकरानंतर दार उघडत नाही. जेवणाच्या सुट्टीत बॅग आणू असं ठरवणारे दाराबाहेर अडकतात. नाश्त्याला येतानाच सामान खाली आणायचं आणि प्रत्येक बॅगेला नावाची चिठ्ठी बांधायची, कारण कंपनीने दिलेल्या साठ काळ्या बॅगा ओळखायला दुसरा मार्ग नाही. उशिरा निघणाऱ्यांची कार्डं आदल्या रात्रीच पुन्हा कोड करून घ्यावीत. चार्जर बहुतेक वेळा पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये राहतो आणि कपडे दारामागच्या खुंटीला. तिजोरी उघडी टाकूनच खोली सोडावी, म्हणजे आत काही राहिलं का ते दिसतं.

फ्लिपचार्टच्या सगळ्या कागदांचे फोटो टी-ब्रेकमध्ये काढून घ्यावेत, समोरून, दिवे लावून, कोपऱ्यात गटाचं नाव येईल असे. हाउसकीपिंग सत्र संपल्यावर अर्ध्या तासात भिंती मोकळ्या करतं आणि तो कागद कोणाच्या कामाचा होता हे त्यांना माहीत असायचं कारण नाही.

अभिप्रायाचा फॉर्म शेवटच्या दहा मिनिटांत वाटला की लोक बसकडे बघत गोल करतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम दिसला का. हा फॉर्म पहिल्या पायरीपुरताच असतो. तो जेवणाआधी द्यावा आणि त्यात केंद्राविषयीचे प्रश्न प्रशिक्षणाच्या प्रश्नांपासून वेगळे ठेवावेत, नाहीतर गार चहाचा राग वक्त्याच्या गुणांतून वजा होतो. केंद्राविषयीची उत्तरं समन्वयकाला निघण्याआधीच, हॉलचा क्रमांक आणि वेळ लिहून द्यावीत. ‘एसी नीट नव्हता’ या वाक्याचं मेंटेनन्सवाला काही करू शकत नाही. ‘हॉल २, पहिला दिवस, साडेदहानंतर कोंदट, डॅम्पर बंद होता’ असं लिहिलं तर पुढच्या गटाच्या शीटवर ती नोंद चढते.

बस ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी बोलवावी. साठ जणांचं सामान डिकीत भरायला वीस मिनिटं लागतात, आणि कोणीतरी हॉलमध्ये विसरलेला ॲडॅप्टर आणायला परत जातंच.